ओल्या हेल्मेटला वारा द्या

पावसाळ्यात दुचाकीस्वार हेल्मेट का घालत नाही, याचं उत्तर आपण नेहमी त्याच्या बेफिकिरीत शोधतो. परभणी जिल्ह्यात जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत ते पुष्कळदा हेल्मेटच्या आतल्या ओल्या स्पंजात सापडेल. परभणीहून जिंतूर, गंगाखेड, सेलू, पाथरी, पूर्णा या रस्त्यांवर रोज अपडाऊन करणारे शिक्षक, ग्रामसेवक, कृषी सहायक, बँकेचे आणि बचत गटांच्या वसुलीचे कर्मचारी, वाडीवस्तीवर स्कूटीने जाणाऱ्या आशाताई, महावितरणचे लाइनमन, सकाळी शहरात दूध घालणारे, या सगळ्यांना पाऊस थांबेपर्यंत घरी बसण्याची सोय नाही. संध्याकाळी ही मंडळी घरी पोचतात तेव्हा रेनकोट दोरीवर जातो, बूट दाराशी उलटे होतात आणि हेल्मेट खुंटीला किंवा गाडीच्या आरशाला अडकवलं जातं. सकाळी सात वाजता ते डोक्यात घालावं तर गालाला गार, चिकट कापड लागतं आणि कुबट वास नाकात जातो. मग ते हँडलला लटकतं आणि पुढे पोलीस दिसले तरच डोक्यावर येतं. हेल्मेट रातोरात कोरडं करणं हा रस्ता सुरक्षेचाच भाग आहे, त्यासाठी लागणारं साधन घरात बनतं, आणि ते लोकांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी हेल्मेटसाठी दंड करणाऱ्या यंत्रणेनेही घ्यायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

विषय किरकोळ वाटत असेल तर आधी आकडे पाहावेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसताना मेलेल्यांची संख्या ५० हजार २९ होती, आणि त्यांत १४ हजारांहून अधिक जण मागच्या सीटवर बसलेले होते. हेल्मेटचा उपयोग किती, हेही मोजलेलं आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या अहवालात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष आहे. हा लाभ अर्थातच हेल्मेट डोक्यावर असतानाचा आहे. वर्षातले आठ महिने हेल्मेट घालणारा माणूस नेमका निसरड्या रस्त्याच्या, पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यांच्या आणि काळ्या मातीच्या चिखलाच्या दिवसांत ते काढून ठेवत असेल, तर त्या कारणाकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही.

हेल्मेट वाळत का नाही, ते त्याच्या रचनेवरून कळतं. बाहेरचं कवच प्लास्टिकचं किंवा फायबरचं असतं आणि त्यातून पाणी आरपार जात नाही. त्याच्या आत थर्माकोलच्या जातीचा, पण जास्त घट्ट असा जाड थर असतो. धक्का तोच झेलतो, आणि तोही फारसं पाणी पीत नाही. त्याच्या आत डोक्याला टेकणारा मऊ स्पंज आणि कापडाचं अस्तर येतं. पाणी साठतं ते इथे. म्हणजे ओला भाग सर्वांत आत, आणि त्याच्या मागे हवा न जाऊ देणाऱ्या दोन भिंती. खुंटीला टांगलेल्या हेल्मेटच्या पोकळीतली हवा थोड्याच वेळात बाष्पाने भरते आणि तिथेच अडकून राहते. ऑगस्टातल्या सकाळी परभणीच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे बाहेरची हवाही फारसं काही ओढून घेत नाही. हेल्मेट भिजलं म्हणून त्याची धक्का झेलण्याची ताकद गेली, असं मात्र समजू नये. एका रात्रीच्या ओलीने तसं होत नाही. नुकसान दुसऱ्या बाजूंनी होतं. अस्तर कुजू लागतं, स्पंज बसतो आणि हेल्मेट सैल होतं, पट्ट्याच्या कडीला गंज चढतो. झाकलेली, उबदार आणि ओलसर त्वचा बुरशीला पोषक असते, हे कोणताही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. शिवाय ओल्या अस्तरातून बाष्प सुटत राहतं, श्वासाची वाफ त्यात मिसळते आणि समोरच्या काचेवर धुकं धरतं. मग माणूस काच वर करतो, आणि पावसाचे थेंब थेट डोळ्यांत येतात. संध्याकाळी समोरून ट्रॅक्टर येत असताना तेवढी आंधळी दोन सेकंदं पुरेशी असतात.

यावर घरोघरी सुचणारा पहिला उपाय ऊब देण्याचा आहे, आणि तोच घातक आहे. कुणी केस वाळवायचा ड्रायर आत धरतो, कुणी चुलीजवळ किंवा गॅसच्या शेगडीशेजारी हेल्मेट ठेवतो, कुणी आत जुना शंभर वॅटचा बल्ब सोडतो. धक्का झेलणारा थर पॉलिस्टायरिनचा असतो. हे प्लास्टिक शंभर अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडतं, आणि त्याचे फुगवलेले मणी त्याच्याही आधी आकसायला लागतात. ड्रायरच्या तोंडाशी किंवा बल्बच्या काचेजवळ एवढं तापमान सहज येतं. यातली वाईट गोष्ट म्हणजे नुकसान दिसत नाही. अस्तराच्या मागे मणी आकसून पोकळी झाली, तरी बाहेरून हेल्मेट जसंच्या तसं असतं, आणि तो थर कामाला आला नाही हे पडल्यावरच कळतं. म्हणूनच हेल्मेट उष्णतेपासून दूर, साध्या तापमानाला वाळवावं, असं उत्पादक सांगतात. पेट्रोल किंवा थिनरने पुसणं तर त्याहून वाईट, कारण पेट्रोलने हा थर विरघळतो. उन्हाचंही तारतम्य हवं. श्रावणातलं कोवळं ऊन मिळालं तर तासभर जरूर द्यावं, पण परभणीच्या मे महिन्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे असताना, काळं हेल्मेट दिवसभर गाडीच्या टाकीवर तापत ठेवणं त्याच्या आयुष्याला बरं नाही.

वाळायला उष्णता लागतेच असा आपला समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, पण ती खोलीतली हवाही पुरवू शकते, अट एवढीच की ती हवा सतत बदलत राहिली पाहिजे. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस लागला तर शेतकरी ओला माल पातळ पसरतो, खालीवर करत राहतो आणि त्यावर पंखा लावतो. ढीग तसाच ठेवला तर आतून तापतो आणि बुरशी धरतो, हे त्याला शिकवावं लागत नाही. हेल्मेटच्या पोकळीचं गणित तेच आहे. रात्री घरात २७ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता आहे असं धरू. अशी एक घनमीटर हवा कागदावर आणखी पाच ग्रॅम बाष्प घेऊ शकते, पण पाणी उडताना हवा गार होत जाते, म्हणून प्रत्यक्षात ती एक-सव्वा ग्रॅमच उचलते. जुन्या संगणकातला बारा सेंटिमीटरचा पंखा मोकळ्यावर तासाला सत्तर-ऐंशी घनमीटर हवा सरकवतो. हेल्मेटच्या अडथळ्यातून त्यातली पंचवीस घनमीटर गेली आणि तिने क्षमतेच्या निम्मंच पाणी उचललं, तरी तासाला बारा ते पंधरा ग्रॅम पाणी बाहेर पडतं. टॉवेलने दाबून घेतल्यावर अस्तरात शंभर ग्रॅम पाणी उरलं असं धरलं, तर रात्री नऊला लावलेलं हेल्मेट सकाळी सहाच्या आत कोरडं व्हायला हरकत नाही. हेल्मेट जाड असेल किंवा अगदी निथळतं असेल तर थोडा जास्त वेळ लागेल. पंखा तीन वॅटचा आणि अडॅप्टरमधली गळती धरून पाच वॅट, म्हणजे दहा तासांत युनिटचा विसावा हिस्सा. दहा रुपये युनिट धरलं तरी खर्च पन्नास पैसे.

साधन करायला अवघड नाही. रंगाचा दहा लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा स्वच्छ धुऊन घ्यावा. झाकणाच्या मधोमध अकरा सेंटिमीटरचं गोल भोक पाडून त्याखाली १२ व्होल्टचा पंखा चार स्क्रूंनी असा बसवावा, की त्याच्या कडेवरचा बाण वर येईल आणि हवा वरच्या दिशेने जाईल. डब्याच्या खालच्या भागात चहूबाजूंनी अडीच सेंटिमीटरची वीसेक भोकं पाडावीत. जेवढ्या भोकातून हवा वर जाणार, साधारण तेवढंच तोंड तिला आत यायलाही लागतं, आणि हीच गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. पंख्यावर जाळी हवीच, नाहीतर हेल्मेटचा पट्टा पात्यांत अडकेल किंवा लहान मूल बोट घालेल. वीज जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या किंवा वायफाय राउटरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून घ्यावी. नेहमीच्या तीन तारांच्या पंख्यात लाल तार धनाला, काळी ऋणाला जोडायची. पिवळी फक्त वेग मोजण्याची असते, तिला टेप लावून मोकळी सोडावी. हा पंखा थेट घरच्या प्लगला कधीही लावू नये. भंगारातल्या किंवा संगणक दुरुस्तीच्या दुकानात असा पंखा सहज मिळतो. तो नसेल तर मोबाईलच्या चार्जरवर चालणारा पाच व्होल्टचा छोटा पंखाही चालेल, फक्त वेळ जास्त लागेल. हेल्मेट झाकणावर जसं डोक्यात घालतो तसं ठेवायचं, काच आणि हवेची भोकं उघडी, पट्टा बाहेर. त्याआधी पाणी निथळू द्यायचं आणि अस्तर टॉवेलने दाबून घ्यायचं, म्हणजे पंख्यावर थेंब पडणार नाहीत. निघणारं अस्तर असेल तर ते काढून शेजारी पसरावं. डबा कपाटात किंवा कोपऱ्यात नको, उघड्या खिडकीजवळ ठेवावा, कारण बाहेर पडलेली ओली हवा पुन्हा तिथेच फिरत राहिली तर सगळं वाया जातं. आणि वाळवणं म्हणजे धुणं नव्हे. घामाचं मीठ वाऱ्याने जात नाही. आठ-पंधरा दिवसांनी अस्तर सौम्य शाम्पूने धुवावंच लागतं. बऱ्याच मुली हेल्मेटखाली सुती स्कार्फ बांधतात. ती सवय पुरुषांनीही उचलावी, कारण स्कार्फ रोज बदलता येतो, अस्तर येत नाही.

एवढी खटपट कशाला, छताच्या पंख्याखाली ठेवलं की झालं, असं कुणी म्हणेल. काहीच नसेल तर तेही करावं, पण हेल्मेट उलटं, म्हणजे तोंड वर करून आणि अस्तर सोडवून. छताच्या पंख्याचा वारा कवचाभोवतीनं निघून जातो. आत शिरून दुसरीकडून बाहेर पडायला त्याला वाट नसते, आणि वाळवण्याचं सगळं गमक त्या वाटेत आहे. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबण्याची पद्धत पहिल्या अर्ध्या तासापुरती चांगली आहे. त्यानंतर ओला कागदच आतली हवा अडवून धरतो. बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी तर या कामाला अगदीच अपुरी. हे दाणे आपल्या वजनाच्या फार तर तीस-चाळीस टक्के पाणी धरतात, म्हणजे शंभर ग्रॅम पाण्यासाठी अडीच-तीनशे ग्रॅम दाणे लागतील, आणि दुसऱ्या रात्रीसाठी ते पुन्हा तापवून वाळवावे लागतील. बाजारात तयार हेल्मेट ड्रायर मिळतात, त्यांतले काही गरम हवा सोडतात. ज्याला परवडेल त्याने गरम हवा बंद करता येते का ते पाहून घ्यावा, पण रंगाच्या डब्यातून मिळतो त्याहून वेगळा वारा त्यातूनही मिळत नाही.

गंभीर आक्षेप विजेचा आहे. पालम, सोनपेठच्या खेड्यांत पावसाळी रात्री वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि नेमकी पाऊस झोडपतो त्याच रात्री जाते. इथे शेतीतलीच एक वस्तू कामाला येते. बॅटरीवर चालणारा फवारणी पंप आता घरोघरी आहे, आणि त्यात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. पाव अँपिअर घेणारा पंखा दहा तासांत तिचा तिसरा हिस्साही संपवत नाही. मात्र पंप घरात आणू नये. बॅटरी काढून, पुसून, हात धुऊन जोडावी, आणि तारेत एक लहान फ्यूज टाकावा. औषधाची बादली किंवा कॅन धुऊन त्याचाच ड्रायर करण्याचा मोह तर अजिबात नको. ज्यातून येणारी हवा रात्रभर अस्तरात मुरणार आणि दिवसभर नाकाशी राहणार, त्या भांड्यात कीटकनाशकाचा अंशही चालणार नाही. वीज कमी-जास्त झाली तरी पंखा बंद पडण्यापलीकडे यात बिघडत काही नाही. हीटरच्या ड्रायरबद्दल, घरातले सगळे झोपलेले असताना, तसं म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: जिथे निम्मे लोक हेल्मेट घालतच नाहीत तिथे ते वाळवण्याची चर्चा म्हणजे श्रीमंती चोचले. मला हे उलट वाटतं. महाराष्ट्रात हेल्मेटसक्तीचा इतिहास पाहा. २०१६ साली राज्य सरकारने ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली आणि विरोध होताच ती सैल केली. २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात सक्तीविरोधात लोक रस्त्यावर उतरले. कायदा त्याच्या जागी आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आणली. तरीही चौक ओलांडला की हेल्मेट उतरतं. दंडाची भीती पोलीस दिसेपर्यंत टिकते. वस्तू अंगाला सोसते की नाही हा हिशेब मात्र घरापासून शाळेपर्यंतच्या प्रत्येक किलोमीटरला चालू असतो. सक्तीला माझा विरोध नाही. सक्ती हवीच, पण ज्याच्यावर ती करायची त्याला ती पाळता येईल एवढी सोय करणं हे सक्ती करणाऱ्याचं कर्तव्य आहे. आणखी एक गोष्ट. ओलीच्या त्रासाला कंटाळून माणूस रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या पातळ, अर्ध्या टोपीकडे वळतो. ती लवकर वाळते, कारण तिच्यात धक्का झेलणारा थर जवळजवळ नसतोच. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ४१५१ चं चिन्ह नसलेलं हेल्मेट विकायला देशात बंदी आहे, तरी अशी टोपी मिळते आणि खपते. चांगलं हेल्मेट पावसाळ्यातही वापरण्याजोगं ठेवलं, तर तिचं एक गिऱ्हाईक कमी होईल.

प्रशासनाला करण्यासारखं बरंच आहे आणि ते खर्चाचं नाही. रस्ता सुरक्षा अभियान जानेवारीत होतं. तेव्हा परभणीत कोरडी थंडी असते, हेल्मेट उलट कानाला ऊब देतं आणि ते घाला म्हणून सांगण्याची गरज सर्वांत कमी असते. जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीने या कामातला काही भाग जूनमध्ये आणावा आणि त्यात भाषणांऐवजी हेल्मेट वाळवण्याचं प्रात्यक्षिक ठेवावं. परिवहन कार्यालयात नव्या परवान्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट घाला असं सांगितलं जातं. हेल्मेटला ऊब देऊ नका, पेट्रोल लावू नका, वारा द्या, हेही तिथल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं. परभणीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांसाठी हा उत्तम सराव आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात धान्य वाळवण्याचं शास्त्र शिकवलं जातं; तिथल्या कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी चार प्रकारचे डबे करून कोणता किती वेळात किती ग्रॅम पाणी काढतो हे वजनकाट्यावर तोलून दाखवलं, तर इथे मांडलेल्या अंदाजांच्या जागी नेमके आकडे येतील.

कार्यालयांचा भाग त्याहून महत्त्वाचा, कारण हेल्मेट सकाळी जाताना भिजतं आणि दिवसभराचे सात-आठ तास तिथेच पडून असतं. जिल्हा परिषद, पंचायत समित्या, तहसील, शाळा, बँका, सगळीकडे दुचाकीच्या रांगा असतात आणि ओली हेल्मेटं टेबलाखाली किंवा आरशाला लटकलेली असतात. वऱ्हांड्यात एक लांब लाकडी खोकं करावं, वर आठ-दहा भोकं, प्रत्येकाखाली एक जाळीचा पंखा, सगळ्यांना मिळून १२ व्होल्टचा, पाच अँपिअरचा एकच वीजपुरवठा. दहा पंखे अडीच अँपिअरच्या आसपास घेतात, म्हणजे तो आरामात पुरतो. चोरी होईल ही शंका रास्त आहे, म्हणून खोकं शिपायाच्या बसण्याच्या जागेसमोर असावं आणि प्रत्येक भोकाशेजारी पट्टा अडकवून कुलूप लावण्यापुरती कडी असावी. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी मराठवाड्याने सप्टेंबरात अतिवृष्टी पाहिली, तेव्हा हे साधन चार महिने लागणार असं धरूनच तरतूद करावी. शाळा उघडतात आणि मृग लागतो तो जूनचा पहिला पंधरवडा. खोकं त्याआधी, मेच्या सुट्टीतच तयार व्हायला हवं, म्हणजे पहिल्या पावसात भिजत आलेल्या शिक्षकाला पाच वाजता परत निघताना हेल्मेट हँडलला लटकवायचं कारण राहणार नाही.